बेगम बाजारच्या खांबावरच्या साहेबांस

रा. रा. कॅमेरासाहेब,
मुक्काम विजेचा खांब, भांड्यांची गल्ली, बेगम बाजार, हैदराबाद.

सा. न. वि. वि.

बहिणीच्या रुखवताची पितळी भांडी घ्यायला आलो होतो. हमालांच्या रेट्यात, आपल्या डोळ्यांदेखत, माझा मोबाईल गेला. ठाण्यात गेलो (कुठल्या ते सांगत नाही, पुन्हा जावं लागेल). रायटर म्हणाले, "चोरी कैकू लिखते भाई? गुम गया बोल के लिखो ना!" लिहिलं. ‘क्राइम इन इंडिया’ हा गुन्ह्यांच्या आकड्यांचा सरकारी अहवाल 1953 पासून निघतो. त्यात माझा मोबाईल कधीच चोरीला जाणार नाही. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी तिथं सर्वांत मोठा तेवढाच मोजतात म्हणे. माझ्यापाशी एफआयआरच नाही.

परतताना कोपऱ्यावर एका शिपायानं अडवून फोनवर माझा चेहरा टिपला. का? "ऐसेच." म्हणजे चोरीची नोंद नाही, चोरी झालेल्याची फोटोसकट! मे 2021 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांचाही पोलिसांनी असाच फोटो घेतला, मास्क काढायला नकार दिला तरी. ते तेलंगणा हायकोर्टात गेले. मी मराठी माणूस, घरी येऊन पत्र लिहितो.

तेलंगणा पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या ‘दर्पण’ ॲपनं हरवलेली पोरं घरी पोचवली, त्याबद्दल नमस्कार. पण दिल्लीत चेहऱ्यावरून हरवलेली मुलं शोधणाऱ्या आपल्या भावंडाची अचूकता पोलिसांनीच 2018 मध्ये हायकोर्टात 2 टक्के सांगितली होती. एवढ्या मार्कांत आमचे गुरुजी वर्गाबाहेर उभं करत.

इथवर थट्टा. जानेवारी 2023 मध्ये मेदकच्या एका मजुराला साखळीचोर म्हणून उचललं. का, तर सीसीटीव्हीतल्या माणसासारखा दिसतो. चोर तो नव्हेच, म्हणून मग सोडला. कोठडीत मारल्याचं त्यानं व्हिडिओत सांगितलं आणि फेब्रुवारीत गांधी रुग्णालयात तो मेला. ‘सारखा दिसतो’ म्हणजे काय हो? या गल्लीतला प्रत्येक हमाल दुसऱ्यासारखा दिसतो, घामानं, धुळीनं, पाठीवरच्या पोत्यानं. शेठ मात्र एकेक वेगळा ओळखू येतो!

तुमच्यावर तरी किती ओरडू. ऊन, मसाल्याची धूळ, कबुतरं, सगळं तुम्हीच झेलता. काच पुसायला कुणी फिरकत नाही. पुढल्या खेपेस पितांबरी आणतो. खांबावर चढलेला दिसलो, तर तेवढं चोर समजू नका.

कळावे,
आपला,
मोबाईल हरवलेला (लिहून दिल्याप्रमाणे)