पेंग्विनच्या अलीकडे

भायखळ्यातल्या राणीच्या बागेच्या फाटकातून आत शिरणाऱ्या बहुतेकांना पेंग्विन बघायचे असतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय वाटेत लागतं, इतकंच. पण ऊन चढलं, पावसाची सर आली किंवा पेंग्विनची रांग बघून घरच्या कर्त्या पुरुषाचा धीर सुटला, की कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे वळतात. नेमकी तेव्हाच सुट्टीच्या दिवशीची टूर सुरू होत असली, तर डबा, छत्री, आजी आणि कडेवरचं पोर यांच्यासकट इतिहासात ओढली जातात.

मला या टूरचं व्यसन आहे. तिथल्या वस्तू एव्हाना ओळखीच्या झाल्यात. मी जाते ती त्या वस्तूंपुढे उभी राहणारी माणसं ऐकायला.

आत पाऊल टाकलं की सोनेरी वेलबुट्टी, उंच खांब आणि मिंटनच्या फरशा अंगावर येतात. हा हॉल लग्नाला मिळाला तर भाडं किती पडेल, यावर मागच्या रांगेत कुजबुज होतेच. समोर संगमरवरी गोरा साहेब. "हेच का भाऊ दाजी?" हा प्रश्न इतका ठरलेला की टूर देणारी मुलगी आधीच श्वास भरून तयार असते. नाही, हा प्रिन्स अल्बर्ट, व्हिक्टोरिया राणीचा नवरा. मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला पुतळा, डेव्हिड ससून यांनी दिलेला. १८७२ मध्ये म्युझियम उघडलं तेव्हा पाटीवर या नवराबायकोचीच नावं होती. भाऊ दाजींचं नाव लागलं १९७५ मध्ये.

"म्हणजे एकशेतीन वर्षं," एका आजोबांनी हिशेब केला. "मग आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटला अजून बराच अवकाश आहे."

भाऊ दाजी म्हणजे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. जुने शिलालेख वाचायचे, मुंबईचे शेरीफ दोनदा झाले, आणि म्युझियमसाठी पैसे उभे करायला वणवण केली. गरिबांसाठी धर्मादाय दवाखाना काढला होता, हे ऐकल्यावर एक आजी गहिवरल्या आणि जवळ होता त्या अल्बर्टलाच हात जोडून मोकळ्या झाल्या. मुलीनं काही म्हटलं नाही. शहाणी आहे.

संग्रहाचा जन्म इथला नव्हे. आधी तो फोर्टात, टाउन बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली, वस्तू घाईघाईनं हलवल्या आणि त्यात पुष्कळ नासधूस झाली. हे सांगताना पागडीच्या खोल्यांत राहणाऱ्यांचे चेहरे बघावेत. इंग्रजांच्या इतिहासाशी त्यांची नाळ जुळते ती इथे.

खरी गंमत वरच्या मजल्यावर. तिथे काचेमागे मातीच्या बाहुल्या आहेत: मुंबईतले नाना समाज, त्यांचे पेहराव, पागोटी, धंदे. वीतभर उंचीची माणसं, पण धोतराची चुणीन् चुणी मोजून घ्यावी. टूर इथे फुटते. मुलगी एका कपाटाशी बोलत राहते आणि मंडळी आपापल्या जातीच्या शोधात पांगतात. सापडली की समाधान होईल म्हणता? छे. "आमच्यात नाकात अशी नथ नसते." "पगडी ठीक आहे, पण आमचे लोक इतके काळे दाखवायचं कारण काय?" एका गृहस्थांना आपलं कुणीच सापडेना. त्यांनी दुसरी फेरी मारली, तिसरी मारली आणि शेवटी शेजारच्या कपाटातला एक भारदस्त व्यापारी "आमच्यासारखाच दिसतो" म्हणून फोटो काढून घेतला. संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर तो खापरपणजोबा झाला असणार.

सात बेटांच्या नकाशाशीही हाच प्रकार. प्रत्येकाचं बोट आपलं घर शोधतं. निम्म्यांची घरं पाण्यात निघतात. एक काकू नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, तरी मी म्हणत होते, भिंतींना ओल कशी येते!" नवरा मात्र नकाशात गुंतला होता. माहीम, परळ, माझगाव सगळं मोकळं बघून त्यानं उसासा टाकला, "तेव्हाच घेऊन ठेवायला हवं होतं."

कधी संध्याकाळी व्याख्यानं असतात. विद्वान वक्ता जुन्या मुंबईतल्या नकाशांवर किंवा मातीच्या भांड्यांवर तासभर सुरेख बोलतो आणि मग म्हणतो, "काही प्रश्न?" हे त्यानं टाळावं. पहिला माइक नेहमी अशा माणसाच्या हातात जातो ज्याला प्रश्न नसतो, निवेदन असतं, आणि त्या निवेदनात आजोबा असतात. दुसरा चहा कुठे आहे ते विचारतो. तेवढाच काय तो प्रश्न.

टूर संपते ती बाहेर, दगडी हत्तीपाशी. पोरं त्याला बघून एकदम खूश होतात, अखेर एक प्राणी! हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला, त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे या बागेत आले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून तो उभा केला. लोक क्षणभर हळहळतात. मग मागून खणखणीत आवाज येतो, "क्रेनचं कंत्राट कुणाकडे होतं?"

याच बागेत काळा घोडासुद्धा आहे, हे ऐकून मात्र सगळे चमकतात. सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला तो असली घोडा १९६५ मध्ये फोर्टातल्या काळा घोडा भागातून उचलून इकडे आणला. तिकडे २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, पण बिनस्वाराचा. म्हणजे टॅक्सीवाल्याला काळा घोडा सांगितलं आणि त्यानं भायखळ्याला आणून सोडलं, तर कायद्यानं त्याच्याशी भांडता यायचं नाही.

"मग तिकडचा घोडा कुणाचा?" कडेवरच्या पोराच्या आईनं विचारलं.

"कुणाचाच नाही," मुलगी म्हणाली.

"कुणाचाच नाही तर रोज तिथं पार्किंगचे पैसे कोण घेतं?" आजोबांनी तोंड घातलं. टूरची वेळ संपली होती, पण या मुद्द्यावर सगळ्यांनाच बोलायचं होतं.