प्रवासी हाच पहारेकरी

राज्य परिवहनाच्या कोणत्याही बसस्थानकावर घटकाभर उभे राहिले असता, भिंतीवरील रंग उडालेल्या फलकावरून अथवा ध्वनिक्षेपकाच्या खरखरीतून, प्रवाशाला एक उपदेश अखंड आणि विनामूल्य लाभतो; तो असा की, आपल्या सामानाची काळजी त्याने स्वतः घ्यावयाची आहे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरकडे पहिली एस.टी. निघाली, तेव्हापासून गाड्यांची रूपे पालटली, भाडी वाढली, कित्येक मंत्री आले आणि गेले, परंतु या एका धोरणात यत्किंचितही चंचलता कधी दिसून आली नाही. सरकारी धोरणात सातत्य नसते अशी ज्यांची कायमची फिर्याद आहे त्यांनी हा फलक एकदा अवश्य वाचावा.

या धोरणाचे परिणाम अभ्यासावयाचे तर वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे गाव फार सोयीचे. येथला तरुण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यामुंबईस निघाला म्हणजे त्यास प्रथम कारंजा, तेथून मूर्तिजापूर आणि तेथून मुंबईकडे जाणारी आगगाडी असे टप्पे ओलांडावे लागतात. म्हणजे गर्दीत शिरण्याचे आणि गर्दीतून निघण्याचे प्रसंग त्याच्या वाट्यास मुबलक येतात. बापाने सोयाबीन विकून, कर्जाचा हप्ता पुढे ढकलून घेतलेला लॅपटॉप त्याच्या पाठीवर असतो आणि ज्यात त्याचे आधार, त्याची बँक, त्याच्या परीक्षेचे प्रवेशपत्र व त्याच्या भावी सासुरवाडीचे संपर्क क्रमांक एकत्र नांदतात, तो मोबाईल सदऱ्याच्या वरच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत असतो. पूर्वी चोराला घरदार लुटण्यासाठी भिंतीला खिंडार पाडावे लागे. आता सारे घरदार खिशात घेऊन मालकच चोराच्या शेजारी येऊन बसतो.

असा तरुण निघावयाचा झाला म्हणजे आदल्या रात्री ओसरीवर जी सल्लागार मंडळी जमतात, त्यांच्यापुढे एखाद्या चौकशी आयोगानेही संकोचावे. आजीचा हुकूम थोडक्यात असतो : "बॅग पायाखाली ठेवजो, अन् झोपजो नोको. कोनी इचारलं त सांगजो, पुस्तकं हायेत." आजीच्या या सूचनेत मानवी स्वभावाचे जे ज्ञान आहे ते मोठमोठ्या विमा कंपन्यांच्या पत्रकांत आढळत नाही, कारण पुस्तके चोरणारा चोर अजून या मुलखात जन्मावयाचा आहे. काकांचे मत असे की, यंत्र ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवावे. मावशीला लोणच्याच्या बरणीची शेजारसोबत अधिक विश्वसनीय वाटते. आणि या दोन्ही योजना अंमलात आल्यास चोरीपूर्वीच यंत्राचे प्राणोत्क्रमण होऊन प्रश्न मुळासकट निकालात निघतो, हे कबूल केलेच पाहिजे. गावातील एक चतुर गृहस्थ तर असे सुचवितात की, लॅपटॉप बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून न्यावा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावे, शेतकऱ्याचा पोर बियाणे घेऊन चालला आहे. ही युक्ती दिवाळीनंतर बिनधोक आहे. मृगाच्या तोंडावर मात्र, बियाण्यासाठी दुकानापुढे रांगा लागलेल्या असता, त्या पिशवीवर जेवढ्या आशाळभूत नजरा खिळतील तेवढ्या लॅपटॉपवर खिळणार नाहीत.

प्रत्यक्ष परीक्षेचा क्षण येतो तो बसच्या दाराशी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची जी प्राचीन आणि सर्वमान्य वहिवाट आपल्याकडे आहे, तिचा अवलंब करताना प्रवाशाचा एक हात खिडकीत, दुसरा गजावर आणि सर्व लक्ष आसनावर असते. अशा वेळी खिसा हा अक्षरशः बेवारस मुलूख असतो. रुमालाची मालकी सारे प्रवासी मान्य करतात, त्यासाठी प्रसंगी भांडतातही. परंतु त्याच प्रवाशाच्या खिशातील पंधरावीस हजारांच्या यंत्राची मालकी मान्य करण्यास कोणी बांधलेला नाही. पोहरादेवीला रामनवमीस लक्षावधी भाविक जमतात तेव्हा, किंवा मुंबईत लालबागच्या गणपतीचे विसर्जन होते तेव्हा, भक्तांचे हात वर आणि नेत्र मूर्तीकडे असतात, त्या समयी खिशांकडे ज्यांचे नेत्र असतात त्यांची एकाग्रताही काही कमी प्रतीची नसते.

जुन्या काळी या प्रदेशात प्रवास सुरक्षित होता असे सांगणारे वृद्ध भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला गाडी ज्या गतीने चालत असे, त्या गतीत चोराला धावत्या गाडीतून उतरणे जितके सुलभ होते तितकेच प्रवाशाला उतरून, त्याला गाठून, जाब विचारून पुन्हा आपल्या डब्यात येऊन बसणेही सुलभ असावे. सांप्रत गाड्या वेगवान झाल्या. वेगाचा लाभ सर्वांस समान मिळतो असे नाही.

त्याहून मागे गेले तर वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेकडे द्रव्यार्जनासाठी निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, वाटेत नागविले गेले, आणि अखेर घरी पोहोचले ते गंगोदकाची कावड घेऊन. द्रव्य गेले, कावड राहिली. चोरीपासून वस्तूचे रक्षण करण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हांस ठाऊक नाही : वस्तू अशी असावी की तिचे मोल फक्त वाहणाऱ्यालाच कळावे. अडचण एवढीच की, असा मोबाईल अद्याप बाजारात आलेला नाही.

इंझोरीचा तरुण आगगाडीत चढला तरी बसस्थानकावरचे धोरण तेच राहते, मात्र त्याला कायद्याचे भरजरी वस्त्र चढते. 1989 च्या रेल्वे अधिनियमाचे कलम 100 असे सांगते की, जे सामान रेल्वेच्या नोकराने रीतसर नोंदवून पावती दिली, त्याच्याच हानीबद्दल रेल्वे जबाबदार. आणि जे प्रवाशाने स्वतःजवळ ठेवले त्याबद्दल, रेल्वेच्या नोकरांचा हलगर्जीपणा अथवा गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज, ती जबाबदार नाही. एका प्रवाशाने 2005 साली काशी विश्वनाथ एक्स्प्रेसमध्ये एक लाख रुपये कमरेच्या पट्ट्यात बांधले होते, ते गेले. जिल्हा मंच, राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग या तिन्ही पायऱ्यांवर त्याला न्याय मिळाला, आणि जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत घेतला. प्रवाशाला स्वतःच्या वस्तू सांभाळता येत नसतील तर त्याचा दोष रेल्वेच्या सेवेवर ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष असेल. आमची अल्पशी शंका इतकीच की, अठरा वर्षे लढून प्रवाशाला जे कळले ते कारंज्याच्या बसस्थानकावरील ध्वनिक्षेपकाने त्यास फुकट सांगितले असते.

खालच्या बाकाखाली साखळी अडकविण्यासाठी कड्या असतात, हे मात्र रेल्वेचे औदार्य होय. साखळी आणि कुलूप प्रवाशाचे, कडी रेल्वेची. झोपलेल्या माणसाची मान आणि दप्तराचा पट्टा यांना एकाच साखळीत गुंफणारे सद्गृहस्थही आम्ही पाहिले आहेत, आणि अशांना सकाळी ठाण्याजवळ जागे करण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी अधिनियम मौन पाळतो. मोबाईल विजेच्या खोबणीला लावून निद्रेस शरण जाण्याची चाल मोठी होती. मार्च 2021 मध्ये रात्री अकरा ते पहाटे पाच या खोबणींचा पुरवठा बंद ठेवण्याचे रेल्वेने ठरविले, ते मात्र आगीच्या भयाने. चोरीविरुद्धचा एवढा परिणामकारक उपाय अनवधानाने योजला गेला, यास योगायोग म्हणावे.

आता समजा, वस्तू गेलीच. येथून पुढे कायदा चोराच्या बाबतीत अत्यंत तत्पर आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 अन्वये प्रवासी वाहनातून वस्तू चोरणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिक्षा तयार आहे, तुरुंग तयार आहे, उणीव तेवढी चोराची. फिर्याद आता कोणत्याही हद्दीत देता येते, एवढेच नव्हे तर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते आणि तीन दिवसांत स्वाक्षरी करून ती कायम करावी लागते. ज्या यंत्रावरून ही फिर्याद पाठवावयाची ते यंत्र त्या वेळी कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न मसुदा करणाऱ्यांच्या मनास शिवला नसावा. पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देऊ म्हणणाऱ्यास पुष्कळदा प्रेमळपणे सुचविले जाते की, "चोरी कशाला म्हणता, गहाळ झाला म्हणा, दाखला लगेच मिळेल." मग पंचनामा टळतो, तपास टळतो, ठाण्याचा गुन्ह्यांचा तक्ता निष्कलंक राहतो, आणि वस्तुतः लुटला गेलेला मनुष्य कागदोपत्री केवळ वेंधळा ठरतो.

केंद्र सरकारने मोबाईलच्या ओळखक्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही सप्टेंबर 2019 मध्ये प्रथम महाराष्ट्रात प्रायोगिक रूपाने आणली, आणि मे 2023 मध्ये संचार साथी या संकेतस्थळाद्वारे ती सर्व देशास खुली केली, ही गोष्ट मात्र खरोखर उपयोगाची आहे; तिच्यायोगे चोरीचा मोबाईल देशातील कोणत्याही जाळ्यावर निकामी करता येतो आणि कोणी त्यात नवे सिमकार्ड घातले तर पोलिसांस माग लागतो. परंतु उपहासाचा धंदा करणाऱ्यास येथेही अन्न आहे. अर्ज भरण्यासाठी पोलिसांचा कागद हवा, खरेदीची पावती जोडलेली बरी, आणि जो क्रमांक हरवला त्याचेच नवे सिमकार्ड आधी मिळवावयास हवे, कारण पडताळणीचा संकेत त्यावरच येणार. नव्या सिमकार्डावर संदेश येऊ लागावयास चोवीस तास लागणार. चोराला अर्ज भरावा लागत नसल्यामुळे तो या एका दिवसात मोबाईलचा पडदा, विजेरी आणि सांगाडा अलग करून तीन गिऱ्हाइकांना विकू शकतो.

तात्पर्याची सवय आम्हांस नाही. एक विनंती मात्र आहे. मोबाईलवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ आज सायंकाळीच दाबा, पडद्यावर येणारा पंधरा अंकी क्रमांक घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा, खरेदीची पावती माळ्यावरच्या खोक्यातून काढून दप्तरात लावा, सिमकार्डाला संकेतांक घाला; आणि मोबाईल गेलाच तर प्रथम बँकेस, आणि खात्यातून पैसे गेल्याचे दिसताच 1930 या क्रमांकास कळवा. हे दोन फोन मात्र शेजाऱ्याच्या मोबाईलवरून करावे लागतील, तेव्हा शेजाऱ्याशी सलोखा राखा.