सुगंधी वेल कशी निवडावी : कुंपणवाल्यांसाठी मार्गदर्शिका

वेल निवडताना नवशिके माती, ऊन आणि पाणी पाहतात. जाणकार आधी पहाटे फिरायला निघणारी मंडळी पाहतात : पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात पिशवी, दुसऱ्यात आकडी. वेल आपली, देव त्यांचा. पुण्य कोणाच्या खात्यावर पडते याचा खुलासा होईपर्यंत निवड पुढीलप्रमाणे करावी.

१. जाई : कळीला बाहेरून गुलाबी झाक, फूल पांढरे, उमलण्याची वेळ संध्याकाळ. म्हणजे रात्रभर वास आपला, सकाळी फुले त्यांची. भरपूर ऊन द्यावे. सावलीत नुसता पाला माजतो. मग फुलेही नाहीत आणि ओळखीपाळखीही नाहीत.

२. जुई : फुले इतकी बारीक की गजऱ्यापुरती वेचेपर्यंत लख्ख उजाडते आणि चेहरा ओळखू येतो. उन्हे कलताच टपोऱ्या कळ्या आपणच खुडून ठेवाव्यात; त्या घरात उमलतात.

३. मधुमालती : संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होते, शेवटी लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. ही आकडीच्या टप्प्याबाहेर सहज चढते. पाणी तळमजल्याने घालावे. बहर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, त्याही ‘आमची मधुमालती’ म्हणून पाहुण्यांना दाखवतात.

४. लसूणवेल : फुले जांभळी, देखणी. पान चुरगळले की मात्र थेट फोडणीचा वास. हिला सुगंधी म्हणावे का, यावर घरात मतभेद होतील. पण चातुर्मासात हिच्या वाटेला कोणी जात नाही.

५. हिरवा चाफा : सर्वोत्तम. कोवळे फूल पानाच्याच रंगाचे, शिवाय बिनवासाचे. पिवळसर झाले की पिकल्या फळासारखा घमघमाट सुटतो. माणूस नाक वर करून कुंपणाभोवती घिरट्या घालतो, फूल सापडत नाही. हात घातलाच, तर देठाचे आकडे बाही धरून ठेवतात. उणीव एकच : मालकालाही फूल सापडत नाही.

पूरक उपाय : वेलीत साप दिसल्याचे बोलता बोलता सांगावे. मोलकरीणही यायची थांबली, तर प्रमाण जास्त झाले असे समजावे.

एवढे करूनही फुले जातच राहिली, तर पावसाळ्यात जाईच्या छाटलेल्या फांद्या त्याच मंडळींना प्रेमाने वाटाव्यात. फांदी सहज मुळे धरते. त्यांच्या कुंपणावर बहर आला की आपणही पहाटे फिरायला जावे. प्रकृतीला चांगले असते. पिशवी कापडी न्यावी. प्लॅस्टिकमध्ये फुले घामेजतात.