थांब, आता येते

मागच्या हिवाळ्यात बालाघाटच्या एका लग्नात माझी जिलबी हुकली. वाढपी ताट घेऊन माझ्या रांगेत शिरला होता. तेवढ्यात काकांनी मागून येऊन माझ्या डाव्या कानात इअरफोन खुपसला, उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि म्हणाले, "थांब, आता येते."

मी थांबलो. कानात कुठेतरी लांब वारा घोंघावत होता. मग पाण्याखाली कुणी घंटा बुडवावी तसा एक आवाज आला. वाढपी माझ्यासमोर आला, काकांचं बोट पाहून त्याला वाटलं मी नको म्हणतोय, आणि पुढे गेला. वारा चालूच होता.

"काका, काय येणार आहे?"

"थांब ना बे."

तो तुकडा 17 मिनिटांचा होता. नाव 'फेड्रा', साल 1974, बँड टँजरीन ड्रीम, गाव पश्चिम बर्लिन. हे सगळं मला पाठ आहे, कारण हाच तुकडा मी काकांकडून 1991 पासून ऐकतो आहे आणि एकदाही तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेवून ऐकलेला नाही.

तुमच्या ओळखीतही असे एक काका असतीलच. कुणाचे रफीचे असतात, कुणाचे कुमार गंधर्वांचे, पण त्या काकांना गावात चार सोबती मिळतात, ते सतरंजी टाकून एकमेकांना 'वा' म्हणतात आणि जगाला सोडून देतात. आमच्या काकांची पंचाईत अशी, की वैनगंगेच्या या काठावर टँजरीन ड्रीमचे भक्त एकूण दीड आहेत. एक ते स्वतः. अर्धे गोंदियाला राहतात.

गोंदियावाले निवृत्त विमा एजंट आहेत. ते अर्धे अशासाठी, की त्यांच्या मते हा बँड 1977 साली पीटर बाउमान बाहेर पडला तेव्हाच संपला, पुढचं सगळं दुकान. काका आणि ते दर रविवारी सकाळी फोनवर भांडतात. चाळीसेक किलोमीटरचं अंतर, पण दोघांचाही आवाज असा, की फोनची गरज नसावी. भांडण ऐन रंगात आलं की काका एक ध्वनिमुद्रिका लावतात, फोन स्पीकरपुढे धरतात आणि गोंदियाला दिसत नसलं तरी बोट वर करतात.

आता 'फेड्रा'ची कॅसेट काकांकडे आली कशी, ते सांगितलं पाहिजे. काकांचे थोरले भाऊ राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात होते. तो कारखाना पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभा राहिला. तिथल्या कुणा जर्मन साहेबाकडून भावाने एका साठच्या कॅसेटवर हे संगीत उतरवून घेतलं आणि काकांना लग्नात आहेर म्हणून दिलं. कॅसेटच्या एका बाजूला 'फेड्रा'. दुसरी बाजू कोरी होती, म्हणून लग्नातच त्यावर सनई भरली. कव्हरवर भावाच्या अक्षरात बँडचं नाव लिहिलेलं. आजोबांनी शब्दकोश काढून पाहिला आणि जाहीर केलं की हे संत्र्याचं भजन आहे, नागपूरचं असावं. चूक म्हणायचं तर तेही फारसं चूक नाही; टँजरीन हे संत्र्याच्याच गोतातलं फळ. पण काकांनी ते आजतागायत मनाला लावून घेतलं आहे.

तसंच 'मूग' या वाद्याचं. रॉबर्ट मोग या अमेरिकन माणसाने बनवलेला तो सिंथेसायझर. सगळी मुंबई त्याला मूग म्हणते, काका मोग म्हणतात आणि काकी खिचडी म्हणतात. 1973 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये 'फेड्रा' मुद्रित होत असताना म्हणे ते यंत्र तापलं की सूर सोडायचं. त्याला जुळवण्यातच तासन्‌तास जायचे, आणि शेवटी ते सरकलेले सूर तसेच ठेवले, तेच त्या तुकड्याचं सौंदर्य ठरलं. काका हे सांगतात ते मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, उघड्या अंगावर ओला पंचा टाकून. "त्यायले इंग्लंडमध्ये गरम झालं! बालाघाटले आणला असता तर मोगनं राग मारवा वाजवला असता."

एक गोष्ट मात्र ते छाती फुगवून सांगतात, आणि ती खरी आहे. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडरने मोग आणून स्टुडिओ लावला, तेव्हा टँजरीन ड्रीमकडे एकही सिंथेसायझर नव्हता. त्यांची पहिली तबकडी 1970 ची, तीत गिटार, चेलो, ऑर्गन आणि खडखडाट. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, ते तेव्हा कुणी घेतले नाहीत आणि अठ्ठावीस वर्षांनी परदेशातून तबकडी पुन्हा निघाल्यावर जगाने डोक्यावर घेतले. काकांचा निष्कर्ष: "आपल्या लोकायले थांबता येत नाही."

थांबण्याबद्दल काकांनी बोलावं हे बरोबरच आहे. त्यांनी एकदा आख्खी वरात थांबवली होती.

हनुमान चौकाजवळची गोष्ट. धुमालची गाडी होती. आमच्याकडे आणि छत्तीसगडात वरातीत ते वाजतं, कीबोर्ड, पॅड, भोंगे, सगळं एका गाडीवर. काका नवरदेवाच्या घोड्याला वळसा घालून त्या गाडीवर चढले. कीबोर्डवाला पोरगा विशीतला. त्याला काकांनी चार स्वरांची एक साखळी धरायला सांगितली: हीच फिरवत राहा, दुसरं काहीही करू नको. पोराला वाटलं नवरदेवाचे मामा असतील. त्याने धरली. एक मिनिट पोरं नाचली. दुसऱ्या मिनिटाला गाणं कधी सुरू होणार म्हणून एकमेकांकडे पाहू लागली. तिसऱ्या मिनिटाला नागीण करायला आडवा झालेला एक मित्र उठून कपडे झटकू लागला. घोडा मात्र एका लयीत मान हलवत होता. गाडीवर काका, बोट आभाळाकडे: "थांबा! आता येते!" नवरदेवाचे खरे मामा आले तेव्हा सातवं मिनिट चालू होतं. काकांना उतरवलं गेलं ते कसं, हे मी लिहीत नाही. वयस्क माणूस आहे.

पण सिनेमाचं संगीत हा त्यांचा खास प्रांत. टँजरीन ड्रीमने सिनेमाला दिलेलं पहिलं मोठं काम विल्यम फ्रीडकिनचं 'सॉर्सरर', 1977. जंगलातल्या खडबडीत रस्त्याने स्फोटकं भरलेले ट्रक न्यायचे, एवढीच कथा. या लोकांनी एकही दृश्य न पाहता, फक्त पटकथा वाचून संगीत पाठवलं, आणि फ्रीडकिनने ते जंगलात बसून ऐकलं. चित्रपट त्याच वर्षी आलेल्या 'स्टार वॉर्स'च्या पुरात वाहून गेला. काकांनी हे संगीत ऐकण्यासाठी बैहरच्या घाटाची जीप निवडली. त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजून कॅसेट लावली आणि मागे बसलेल्यांना कथा समजावून सांगितली: खाली स्फोटकं, जरा हादरा बसला की खलास. जीपमध्ये माणसं चौदा, एक बकरी, रस्त्याला खड्डे. दर खड्ड्याला काका बोट वर करून "आता येते" म्हणत. पहिल्याच थांब्यावर एक आजी बकरी घेऊन उतरल्या. त्यांना पुढे मलाजखंडला जायचं होतं.

मायकेल मानच्या 'थीफ'चं संगीत (1981) त्यांना प्राणप्रिय. त्याला अमेरिकेत सर्वांत वाईट संगीताच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं, याची गोंदियावाले दर रविवारी आठवण करून देतात. रिडली स्कॉटच्या 'लेजंड'ची तर आणखी गंमत. युरोपात तो जेरी गोल्डस्मिथच्या संगीतासह लागला आणि अमेरिकेत टँजरीन ड्रीमच्या. नवरी एक, मांडव दोन. काकांनी गोल्डस्मिथवाली प्रत मिळाली तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून बाजूला टेप लावला आणि सगळं घर बसवलं. तोंडं हलत होती, शब्द नव्हते. काकी म्हणाल्या, "आपल्या घरी रोजचं हेच हाये जी."

पुण्याला असलेला त्यांचा नातू 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पाचवा भाग खेळत होता. 2013 चा तो खेळ. त्याच्या संगीतात टँजरीन ड्रीमचा संस्थापक एडगर फ्रोझे याचा हात आहे, हे काकांना कुठून कळलं देव जाणे. ते दोन दिवस नातवाच्या मागे खुर्ची टाकून बसले. या खेळात संगीत प्रसंगाप्रमाणे चढतं: पोलीस मागे लागले की थर वाढत जातात. नातू शहाणा, सिग्नल पाळून गाडी चालवत होता. काका वैतागले. "अबे, कोणाले तरी ठोक ना! पोलीस येऊ दे! आता येते!" सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यानंतर काकांचा पुण्याचा मुक्काम चार दिवसांनी कमी झाला. मात्र नातवाने मला हळूच सांगितलं, की तो आता रात्री अभ्यासाला 'फेड्रा' लावतो. हे काकांना सांगू नका म्हणाला. नाहीतर ते शेजारी येऊन बसतील.

20 जानेवारी 2015 ला फ्रोझे व्हिएन्नात वारले. तिथून रविवारच्या भांडणाला नवा विषय मिळाला, आणि तो सातबाऱ्याच्या वादासारखा चिवट आहे. मुलगा जेरोम, जो स्वतः अनेक वर्षं बँडमध्ये होता, त्याने जाहीर केलं की वडील गेले, बँडही गेला. पत्नी बियांका आणि शिष्य थॉर्स्टन क्वेश्निंग यांनी ठरवलं की चालू ठेवायचा. गोंदियावाले जेरोमच्या बाजूचे. काका म्हणतात, गादी रक्ताने चालत नाही, शिष्याने चालते. वारकऱ्यांना विचारा, घराण्यांना विचारा. 2017 ची 'क्वांटम गेट' फ्रोझेंनी मागे ठेवलेल्या आराखड्यांवर बांधलेली, 2022 ची 'राउम' त्यांच्या जुन्या फिती धुंडाळून केलेली. आज मूळ मंडळींपैकी एकही नाही. जपानी बाई होशिको यामाने व्हायोलिन वाजवतात. "मग हा कोणता बँड?" गोंदियावाले विचारतात. "वैनगंगेत काल होतं ते पाणी आज हाये का?" काका विचारतात. इथे मी काकांच्या बाजूचा आहे, पण त्यांना सांगत नाही. सांगितलं तर एक तबकडी लागेल.

मागच्या दिवाळीत काकींच्या हातच्या चिन्नोरच्या भातासाठी गेलो होतो. भात झाकून ठेवलेला, वास घरभर. काकांनी गोदरेजच्या कपाटातून ती राउरकेल्याची कॅसेट काढली. लेबल पिवळं पडलेलं, वरच्या कडेच्या मोडलेल्या टिकलीच्या भोकावर सेलोटेप चिकटवलेली. म्हणजे कधीतरी हीवर पुन्हा काही भरलं होतं. त्यांनी पेन्सिल घालून फीत ताणली आणि दुसरी बाजू लावली.

"सनई?" मी विचारलं.

"सनई होती," आतून काकी म्हणाल्या. 'होती'वर जोर.

खरखर. एक कोंबडा. कुणीतरी खोकलं. चहावाल्याची हाक. लांब कुणी हंडा घासत होतं. काकांनी बोट वर केलं, पण या वेळी काही बोलले नाहीत.

हे लामटा स्टेशन होतं. काकांचे वडील तिथे रेल्वेत गँगमन. अडीच फुटांची छोटी लाईन, गोंदियाहून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरकडे जाणारी. तिच्या काठावर काका वाढले. टकटक-टकटक, टकटक-टकटक, तेच चार ठोके, जंगलभर, न बदलता. जर्मन साहेबाचा टेप पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना तो नवा वाटलाच नव्हता. 2015 मध्ये छोटी लाईन बंद होणार म्हणून कळलं, तेव्हा ते टेपरेकॉर्डर घेऊन लामट्याला गेले, गाडीच्या वेळेला बटण दाबलं आणि बसले.

मीही बसलो. भात निवत होता. कोंबडा पुन्हा आरवला. चहावाला दुसऱ्यांदा गेला. अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या मिनिटाला रूळ बारीक थरथरू लागले, लांबून शिट्टी आली, काकांचं बोट आणखी वर गेलं, आणि खट् करून बटण वर आलं. बाजू संपली.

"त्या दिवशी लेट होती," काका म्हणाले.

"मग काका, कॅसेट उलटवायची ना!"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काही घाण बोललो असावं. "दुसऱ्या बाजूले फेड्रा हाय बे."

"माझी सनई पुसली," काकी ताटं मांडत म्हणाल्या, "न आलेल्या गाडीपायी." मग काकांच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच पडली.

आता तिथे मोठी लाईन आहे, गोंदियाहून जबलपूरपर्यंत सरळ गाडी जाते, आणि लामटा कधी मागे पडलं ते खिडकीतून कळतही नाही. कॅसेट कपाटात तशीच आहे. काकांकडे गेलात तर जेवून जा, आणि निदान अर्धा तास मोकळा ठेवा.