चावीची कुळकथा

इंग्रजी 'की' या शब्दाचे पोर्तुगीज भाषांतर बंगळूरच्या शिवाजीनगरात रोज होते आणि त्यासाठी कुणाला पोर्तुगीज यावी लागत नाही. रसेल मार्केटच्या आसपास कुलूप उघडायचे साधन दखनीत मागितले तर 'चाबी', तमिळमध्ये 'सावी' आणि एखाद्या मराठी घरात 'चावी'. तिघींचे माहेर पोर्तुगीज 'शाव'. आजचा लिस्बनकर उच्चार 'श'ने करतो. पण शब्द आपल्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्यात 'च' होता, तो आपण जपून ठेवला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. चावी मात्र पोर्तुगीजच राहिली.

कुलपापुरते हे ठीक. संगणकाची 'की' पोर्तुगिजात 'तेक्ला' होते; पियानोची पट्टीही तीच. 'कोणतीही की दाबा' या सूचनेत भाबड्या अनुवादकाने 'शाव' घातली, तर आज्ञाधारक माणूस खिशातला जुडगा काढून दाबत बसेल. (मराठीने इथे 'कळ' योजली. 'कळ दाबा' वाचून सोशिक माणसे दातओठ आवळतात.) गाण्याची 'की', म्हणजे आपली काळी चार वगैरे, तिथे 'तों'. ब्राझीलमध्ये परीक्षेची उत्तरसूची 'गाबारितू' होते. हा मुळात जहाजबांधणीतला मापाचा साचा, त्यात न बसणारा विद्यार्थी बुडतो. फ्लोरिडाच्या 'की वेस्ट'मध्ये तर किल्लीचा संबंधच नाही. स्पॅनिशांचे ते 'कायो वेसो', हाडांचे बेट. इंग्रजी कानांनी त्याची किल्ली केली.

उलट्या दिशेनेही सुख नाही. पोर्तुगीज 'शाव' नट आवळणारा पानाही असते आणि महिरपी कंसही. जबडा कमीजास्त होणाऱ्या पान्याला ते 'शाव इंग्लेझा', म्हणजे इंग्रजी चावी म्हणतात. इंग्रज त्याला 'की' म्हणत नाही, हा भाग वेगळा. मराठीत चावी घड्याळाला देता येते, शेजाऱ्यांच्या भांडणालाही देता येते. यशाला मात्र गुरुकिल्लीच लागते. 'गुरुचावी' म्हटले की ती कुणीतरी गुरुजींना दिलेली वाटते.

शिवाजीनगरातही ही भाषांतराची सोय कुलपापाशीच संपते. लॅपटॉपची 'चाबी' तुटली असे सांगणाऱ्याला दुकानदार किल्लीवाल्याचा पत्ता देईल.