सुरकुती विरुद्ध मी

सुरकुत्या म्हणजे अनुभवाच्या रेषा, हे मला मनापासून पटतं; फक्त त्या दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असाव्यात. स्वतःच्या डोळ्यांच्या कडेला तोच अनुभव साचू लागला की माझ्यातला तत्त्वज्ञ रजेवर जातो आणि खोक्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणारा गृहस्थ कामावर रुजू होतो. त्या गृहस्थाचं म्हणणं एवढंच, की सुरकुत्यांची क्रीमं निव्वळ थापा नाहीत. पण ज्या कामाचे ती पैसे घेतात, त्यातलं बरंचसं काम स्वस्तातलं कोणीतरी करून जातं.

पुरावा ब्रिटनचा घ्या. बूट्स या दुकानांच्या ‘नंबर सेव्हन’ सीरमची २००७ साली बीबीसीच्या ‘होरायझन’ या कार्यक्रमाने वाखाणणी केली आणि दुकानांतली फडताळं ओस पडली. मग मँचेस्टरच्या त्वचातज्ज्ञांनी ६० जणांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना खरं सीरम, निम्म्यांना त्यातले गुणी घटक काढून घेतलेलं. सहा महिन्यांनी सीरमवाल्यांपैकी ४३ टक्के लोकांचा चेहरा सुधारला होता. जाहिरातदार इथे थांबेल. आपण पुढची ओळ वाचू. गुण काढून घेतलेलं लावणाऱ्यांपैकीही २२ टक्के सुधारले होते! कोरड्या कातडीला ओलावा मिळाला की ती जरा फुगते आणि बारीक रेषा बुजतात. त्याला साधं मॉइश्चरायझरही पुरतं. कोलॅजेनचं क्रीम तर दारातच अडतं, कारण तो रेणू कातडीतून आत शिरण्याच्या मानाने फारच अवाढव्य. आत जाऊन खरं काम करतं ते ट्रेटिनॉइन. पण ते औषध आहे. चेहरा लाल करतं, सोलतं, गरोदरपणात वर्ज्य असतं आणि डॉक्टरांना विचारून लावायचं असतं. दुकानातलं रेटिनॉल हे त्याचंच सौम्य भावंड.

आता डबीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. रेटिनॉल हवेने आणि उजेडाने बिघडतं, म्हणजे त्याची जागा बंद ट्यूबमध्ये. पण ट्यूब पाहिली की आपल्याला खरजेचं मलम आठवतं. तारुण्याला रुंद तोंडाची, जड काचेची, सोनेरी झाकणाची डबीच हवी; रोज उघडायची, रोज बोट घालायचं. बाहेरून ती मूठभर आणि आतून चमचाभर, कारण तळाशी काचेचा एक घुमट वर आलेला असतो. सोबत इवलासा चमचा, जो पहिल्याच आठवड्यात हरवण्यासाठी दिलेला असतो. क्रीम संपलं तरी डबी टाकवत नाही. तिच्यात सेफ्टी पिना, शर्टाची बटणं आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली राहायला येते. क्रीमचा परिणाम टिकेल न टिकेल, डबी मात्र सुनेच्या हाती जाते.

असो. मूळ गुन्हेगार वय नाहीच, असं माझं म्हणणं आहे. दंडाची आतली बाजू आणि गाल एकाच दिवशी जन्मले. एक अजून मऊ आहे, दुसऱ्यावर नकाशा उमटलाय. फरक उन्हाचा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी ९०३ जणांच्या हातांच्या पाठीचे ठसे घेऊन हे तपासलं गेलं. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटाची कातडी साडेचार वर्षांत फारशी म्हातारी झाली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, लावून बरं वाटतं ना, मग तुमच्या पोटात का दुखतं? बरं वाटण्याला माझी हरकत नाही. केसांना कलप लावणाऱ्या समाजाने गालांनाच वैराग्य शिकवू नये. हरकत आहे ती आधी वयाला रोग ठरवून मग औषध विकण्याला. ज्या बाईचा चेहरा उसाच्या फडात दिवसभर भाजतो, तिच्यासाठी ही जाहिरात नसतेच. सावलीत बसून काम करणाऱ्या बाईला मात्र पस्तिशीतच सांगितलं जातं, की तुझं काहीतरी चुकतंय. हसणं, रडणं, उन्हाळे काढणं यांचा हिशेब चेहऱ्यावर लिहिला गेला, तर ती खाडाखोड करायची चूक नव्हे.

तेव्हा निकाल असा: पैसे सनस्क्रीनवर घालावेत, ओलाव्यासाठी साधं क्रीम आणावं, रेटिनॉल हवंच तर ट्यूबमधलं घ्यावं आणि उन्हात टोपी घालावी. यातलं शेवटचं कलम सर्वांत स्वस्त आणि बिनतोड आहे. अडचण एकच, टोपीत मी फार म्हातारा दिसतो.