ज्यानं दार उघडलं, तो मतदार

अहो, ऐकलंत का? गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीतल्या काकूंनी एकाच निवडणुकीत तीनदा मत दिलं! एकदा मशीनवर, दोनदा सर्व्हेच्या टॅबवाल्या पोरांना. आणि तिन्ही वेगवेगळी! विचारलं तर म्हणतात, "अगं, बिचारा उन्हातून आलेला. काय ऐकायचंय ते तोंडावरच दिसत होतं त्याच्या."

सर्व्हेचं नुसतं वेड लागलंय हो या दिल्लीकडच्यांना! ऑक्टोबर 2024मधली हरियाणाची निवडणूक आठवतेय ना? 5 तारखेच्या संध्याकाळी आमच्याकडे पोह्यांच्या बशा घेऊन मंडळी टीव्हीसमोर, जणू मुलगी बघायचा कार्यक्रम. जवळजवळ सगळ्या एक्झिट पोलनी काँग्रेसला गादीवर बसवलं. 8 तारखेला सकाळी अकबर रोडवर काँग्रेसच्या कार्यालयाबाहेर ढोल काय, जिलेब्या काय! दिवस मावळेतो भाजप 90पैकी 48, काँग्रेस 37. वर हरियाणा भाजपनं त्याच कार्यालयाच्या पत्त्यावर जिलेबीची ऑर्डर टाकली. शोभतं का हे? त्याआधी जूनमध्ये लोकसभेलाही बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेपार नेलं होतं, आल्या 293.

पण पोरांनी तरी काय करावं? गार्ड इंटरकॉमवर विचारतो, आपण "नको" म्हणतो. मग आमच्या नावानं उत्तरं देतात गेटबाहेरचा चहावाला नि इस्त्रीवाला. एक पठ्ठ्या तर कट्ट्यावर बसून एकटाच टॅबवर अंगठा चालवत होता; ही लांबलचक प्रश्नावली चहा निवायच्या आत खलास! नंतर ऑफिसातून खात्री करायला फोन येतो, "आमचा मुलगा आला होता का?" अनोळखी नंबर उचलतंय कोण?

आणि प्रश्न तरी कसले! "सरकारच्या चांगल्या कामावर आपण किती समाधानी?" नव्या सुनेला सासूसमोर विचारा, भाजी कशी झालीये!

सरकारी शहाण्यांचंही तेच बरं का. 1999-2000च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्याचा खर्च एकाच घराला सात दिवसांचा विचारला आणि लगेच तीस दिवसांचाही. एक आकडा दुसऱ्याशी जुळायला नको का? मग जुळवलाच. देशात गरीब किती, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत बसले. तुम्हीच सांगा, गेल्या महिन्यात तेल किती लागलं, आठवतंय?

दिल्लीत राजपूर रोडवरच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतली, लोकनीतीची सर्व्हेवाली माणसं मात्र चिवट. मतदार यादीतून नावं काढून घरीच येतात, आणि मत तोंडानं विचारतच नाहीत. नकली मतपत्रिका हातात देतात. खूण करायची, घडी घालायची, डब्यात टाकायची.

काकूंना सांगितलं, तर त्या चिंतेतच पडल्या.

"म्हणजे मी काय लिहिलं, ते त्याला कळणारच नाही? मग चहा तरी कशाला विचारायचा?"